जबडा दुखतो, पण फोटो कशाचा काढायचा?

सकाळी उठल्यावर गाल आखडलेले, भाकरीचा तुकडा चावताना कानापुढे कळ, जांभई आली की हात आपोआप जबड्याकडे जातो. ही तक्रार घेऊन निघालेला माणूस आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातो, तिथून कान-नाक-घशाच्या, आणि कधीकधी मेंदूच्या डॉक्टरांपर्यंत पोचतो. दोन-तीन महिन्यांत त्याच्याकडे फोटोंची एक जाड पिशवी जमते. जबड्याचा ओपीजी, मानेचा एक्स-रे, डोक्याचा सीटी, पैसे असतील तर सांध्याचा एमआरआय. जवळजवळ प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी ‘विशेष दोष आढळला नाही’ अशा अर्थाची ओळ असते. दुखणं मात्र तिथल्या तिथे. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तू उगाच मनाला लावून घेतोयस.

रिपोर्ट खरे असतात आणि दुखणंही खरं असतं. जबड्याच्या दुखण्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि स्नायूचं दुखणं बहुधा कुठल्याच फोटोत उमटत नाही. सिंहगड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, तेव्हा कोणी पायाचा एक्स-रे काढायला धावत नाही. जबड्याच्या बाबतीत मात्र आपण धावतो, कारण दुखणं डोक्याच्या इतकं जवळ असलं की धास्ती वाटते. ती अगदीच अनाठायी नसते, ते पुढे येईलच. पण फोटो काढण्याआधी त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय हे ठरलेलं असावं. ते ठरलेलं नसेल तर पैसे जातातच, वर एखादा न कळणारा शब्द घरी येतो आणि झोप उडवतो.

आधी बोटं, मग यंत्र

दातांवर दात घट्ट दाबा आणि गालाच्या मागच्या भागावर, कानाच्या पाळीच्या थोडं पुढे-खाली बोटं ठेवा. तिथे टणक फुगवटा हाताला लागतो, तो मॅसेटर. तसेच दात दाबून कानशिलावर हात ठेवला तर तिथेही हालचाल जाणवते, तो टेम्पोरॅलिस. चावण्याचं मुख्य काम या दोघांचं, आणि नशिबाने हे दोघेही कातडीच्या लगेच खाली असतात. आणखी दोन स्नायू जबड्याच्या आतल्या बाजूला असतात, मीडियल आणि लॅटरल टेरिगॉइड. त्यातल्या पहिल्यापर्यंत डॉक्टरांचं बोट तोंडातून कसंबसं पोचतं. दुसरा इतका आत दडलेला असतो की त्याला बोटाने दाबून काढलेल्या निष्कर्षावर फारसं विसंबता येत नाही.

स्नायूदुखीचं निदान करण्याची जगभर मान्य असलेली पद्धत २०१४ साली प्रसिद्ध झाली. ‘डीसी/टीएमडी’ या नावाने ती ओळखली जाते. टीएमडी म्हणजे जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांचे विकार. या पद्धतीत स्नायूदुखीसाठी एकही फोटो लागत नाही. डॉक्टर आधी विचारतात, गेल्या ३० दिवसांत जबडा, कानशील, कान किंवा कानाच्या पुढे दुखलं का? चावताना, बोलताना, तोंड उघडताना ते कमी-जास्त होतं का? मग ते मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस यांवर ठिकठिकाणी बोट दाबतात. दाब साधारण १ किलोचा, प्रत्येक जागी २ सेकंद. आणि मग येतो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: “तुम्हाला एरवी दुखतं, ते हेच का?”

दाबल्यावर दुखतं एवढं पुरेसं नाही. जोरात दाबलं तर कोणाचाही गाल दुखेल. रोजचं ओळखीचं दुखणं त्या दाबाखाली जागं झालं, तरच स्नायूवर बोट ठेवता येतं. नीट केलेल्या या तपासणीत स्नायूदुखी असलेल्या १०० पैकी ९० जण पकडले जातात, आणि ती नसलेल्या १०० पैकी ९९ जणांना ‘तुम्हाला हे नाही’ असं बरोबर सांगता येतं. स्नायूदुखीच्या बाबतीत इतका भरवसा आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही यंत्राचा देता येत नाही.

तोच दाब ५ सेकंद ठेवला की कधीकधी वेगळंच घडतं. बोट गालावर असतं आणि कळ जाते वरच्या दाढेत, कानात किंवा भुवईच्या वर. स्नायूतून असं दुसरीकडे सरकणारं दुखणं फार फसवं असतं. दाढ दुखते म्हणून दाढेचा फोटो काढला जातो, त्यात काही नसतं, तरी ‘आतून असेल’ म्हणून रूट कॅनाल होतं, पुढे तीच दाढ उपटली जाते, आणि दुखणं शेजारच्या दाढेत मुक्काम हलवतं. थंड-गरम लागत नाही, ठोकून बघितलं तर दुखत नाही, फोटोत कीड दिसत नाही, अशी दाढ दुखत असेल तर खुर्चीवर आडवं होण्याआधी एवढं विचारा: “डॉक्टर, गालाचा स्नायू दाबून बघितला का?”

तोंड किती उघडतं हेही पट्टीने मोजलं जातं. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांच्या कडांमध्ये प्रौढ माणसाचं अंतर साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असतं. घरी करायची चाचणी सोपी आहे. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावतात का बघा. मावत असतील तर उघडीप ठीक आहे. आरशासमोर तोंड हळूहळू उघडा आणि हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला झुकते, तेही पाहून ठेवा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभराची साधी नोंद ठेवलीत तर त्यांचं अर्धं काम होईल. सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी? झोपेत दात खाल्ल्याचा आवाज घरातल्या कोणी ऐकलाय का? कॉम्प्युटरसमोर, गर्दीत स्कूटर चालवताना, हिशेब करताना दात एकमेकांवर आवळलेले असतात का? ओठ मिटलेले असतानाही वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, ही जबड्याची विसाव्याची स्थिती. अनेकांना हे ठाऊकच नसतं. नैराश्य किंवा चिंतेसाठी गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी दात आवळण्याची सवय वाढते. मात्र मनाने गोळी बंद करू नका. आणि नुकतंच खालच्या दाढेचं काम झालं असेल, बधिर करायचं इंजेक्शन आतल्या बाजूला खोल दिलं असेल, तर तेही सांगा. सुई आतल्या स्नायूत गेल्याने तोंड काही दिवस ते काही आठवडे नीट उघडत नाही, असं होतं आणि ते बहुधा हळूहळू सुटतं.

मग फोटो हवा कशाला?

दुखणं स्नायूचं वाटतंय, पण मागे दुसरं काही लपलेलं तर नाही ना, हे पाहण्यासाठी. किडलेली किंवा आडवी अक्कलदाढ, झिजलेला सांधा, सरकलेली चकती, पू, गाठ. यातल्या प्रत्येकासाठी वेगळा फोटो लागतो. एकाच फोटोत सगळं दिसत नाही. ‘फुल जॉ स्कॅन’ नावाच्या पॅकेजमध्येही नाही.

ओपीजीपासून सुरुवात होते आणि बहुतेकांची तिथेच संपावी. यंत्र चेहऱ्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे, सगळे दात, अक्कलदाढा आणि सांध्याची टोकं एका लांबट पट्टीवर येतात. खर्च काहीशे रुपये. किरणं फार थोडी, साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट. आपल्याला निसर्गातूनच, जमिनीतून, हवेतून, आकाशातून, वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळत असतात, म्हणजे ओपीजी हा दोन-चार दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढा झाला. ओपीजीत स्नायू दिसत नाहीत. सांध्यातली चकती तर मुळीच दिसत नाही. मान थोडी वळली असली तरी एका बाजूचं हाड मोठं, दुसरं लहान दिसतं, आणि रिपोर्टमध्ये ‘असिमेट्री’ असा शब्द येऊन बसतो. फोटो काढताना नथ, कानातलं, गळ्यातलं, केसातल्या पिना, कवळी, श्रवणयंत्र, सगळं काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात, पण त्याची सावली नेमकी हनुवटीवर पडली तर फोटो पुन्हा काढावा लागतो.

ओपीजीच्या रिपोर्टमध्ये आणखी एक पाहुणा वरचेवर येतो, ‘इलाँगेटेड स्टायलॉइड प्रोसेस’. कानाखालून निघणारं काडीसारखं हाड लांब आहे, असा त्याचा अर्थ. ते असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. गिळताना किंवा मान वळवताना घशात टोचत असेल तरच त्याचा विचार करायचा. गाल दुखतो म्हणून त्या काडीला दोष देऊ नये.

सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्यासाठीचा छोटा सीटी, हाडांसाठी उत्तम. सांध्याच्या हाडाची झीज, तडा, वाढलेले कंगोरे बारीक तपशिलात दिसतात. मात्र स्नायू आणि चकती यांसाठी तो निरुपयोगी. किरणांचं प्रमाण यंत्रावर आणि किती भाग घेतला यावर अवलंबून असतं. ते दहा-वीसपासून काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातं. तोंड उघडताना सांध्यातून वाळू घासल्यासारखा करकर आवाज येत असेल, चावण्याची ठेवण हळूहळू बदलत चालली असेल, तर सीबीसीटीला अर्थ आहे. नुसती स्नायूदुखी असेल तर नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न दोनदा विचारावा.

नेहमीचा सीटी, तोही शिरेतून औषध देऊन, मुख्यतः पू आणि गाठ यांसाठी. डोक्याच्या सीटीत सुमारे २००० मायक्रोसिव्हर्ट किरणं लागतात. आधी नाव घेतलेल्या सगळ्यांपेक्षा हे फार जास्त. गालाला सूज, ताप आणि तोंड उघडत नाही अशा रात्री मात्र हा हिशेब करत बसायचं नाही, तिथे सीटी जीव वाचवतो.

सोनोग्राफी: हाताशी असून दुर्लक्षित

मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस दोन्ही कातडीखाली लगेच असल्याने सोनोग्राफीत छान दिसतात. किरणं नाहीत, खर्च आटोपशीर, आणि तपासताना ‘आता दात दाबा, आता सैल सोडा’ असं सांगून स्नायूची हालचाल तिथल्या तिथे बघता येते. मॅसेटरची जाडी सैल असताना साधारण १ सेंटिमीटर असते आणि दात दाबले की ती काही मिलिमीटरने वाढते. पण जाडीवरून दुखणं ठरवू नये. एकाच माणसाच्या दोन गालांत फरक असतो, आणि प्रोब जरा जास्त दाबला तरी आकडा बदलतो. स्नायूचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफीही आता निघाली आहे. संशोधनात तिचं महत्त्व आहे, पण तुमच्या दुखण्याचं निदान आज तिच्यावर अवलंबून नाही.

सोनोग्राफीची खरी जागा वेगळी आहे. गालावर फुगवटा आलाय, पण तो कशाचा? दात आवळण्याने मोठा झालेला मॅसेटरच आहे, कानाखालची लाळग्रंथी सुजली आहे, लाळेच्या नळीत खडा अडकलाय, की स्नायूत रक्तवाहिन्यांची गाठ आहे? हा गुंता सोनोग्राफी बऱ्याचदा दहा मिनिटांत सोडवते. आपल्या देशात आणखी एक शक्यता असते, सिस्टिसर्कोसिस. पट्टकृमीची अंडी अस्वच्छ पाण्यातून किंवा नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, अळ्या स्नायूंत जाऊन बसतात आणि कधी त्या मॅसेटरमध्येही सापडतात. सोनोग्राफीत पाण्याची छोटी पिशवी आणि तिच्या आत एका कडेला चमकणारा ठिपका, असं चित्र दिसतं. त्यावर बहुतेकदा औषधांनी काम भागतं. सोनोग्राफी न करता चाकू लावला तर उगाच गालावर व्रण राहतो.

एक बारीक सूचना. सोनोग्राफी सेंटर पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेलं असतं आणि तिथे पोटाच्याच तपासण्या जास्त होतात. गालाच्या स्नायूसाठी वरवरच्या भागाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो आणि तो वापरण्याचा सरावही. फोनवरच विचारून घ्या, मॅसेटर किंवा लाळग्रंथीची सोनोग्राफी करता का.

एमआरआय: कोणाला, कसा

आतल्या दोन स्नायूंसकट सगळे स्नायू, सांध्यातली चकती, सांध्यात साठलेलं पाणी, जबड्याकडे येणारी नस, हे सगळं एकत्र दाखवणारा एकच फोटो आहे, एमआरआय. म्हणून तो सगळ्यांनी काढावा असं मात्र नाही. साध्या स्नायूदुखीत एमआरआयमध्ये स्नायू बहुतेकदा इतरांसारखाच दिसतो.

हा मोठा खर्च पुढच्या परिस्थितीत योग्य ठरतो. काल-परवापर्यंत तोंड नीट उघडत होतं, आज अचानक दोन बोटांवर अडकलं आणि उघडताना होणारा ‘टक’ आवाजही थांबला, अशा वेळी चकती पुढे सरकून तिथेच अडकल्याचा संशय येतो. एका बाजूचा गाल किंवा कानशील खपाटीला जातंय, हनुवटी किंवा ओठ बधिर वाटतोय, तर चावण्याच्या स्नायूंना चालवणारी नस कुठेतरी दाबली जात नाही ना हे तपासावंच लागतं. नस दुखावली की स्नायू आधी सुजतो, मग वाळतो आणि त्याच्या जागी चरबी भरते, आणि हा बदल एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो. शिवाय काही आठवडे ते काही महिने नीट उपचार करूनही फरक नसेल, तर एकदा आतलं पाहून घ्यावं.

नुसता ‘टक’ आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अशांनी एमआरआयच्या वाटेला जाऊ नये. जबड्याची काहीही तक्रार नसलेल्या धडधाकट लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा जवळजवळ तिघांमागे एकात चकती सरकलेली आढळली. म्हणजे ‘अँटीरिअर डिस्क डिस्प्लेसमेंट विथ रिडक्शन’ हे रिपोर्टमधलं लांबलचक नाव अनेकांच्या नशिबी असतं आणि ते त्यांना कधी कळतही नाही. गालाचा स्नायू दुखतोय आणि फोटोत चकती सरकलेली आहे, म्हणजे दुखणं चकतीचंच, असा हिशेब लावून शस्त्रक्रियेपर्यंत जाणं मला धोक्याचं वाटतं.

एमआरआय काढायचाच असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: दोन्ही बाजू, तोंड मिटून आणि तोंड उघडून अशा दोन्ही स्थितींत, आणि चावण्याचे स्नायूही चौकटीत घ्यावेत. कित्येकदा फक्त सांध्याचे छोटे तुकडे घेतले जातात आणि स्नायूंचा प्रश्न तसाच राहतो. उघड्या तोंडाचे फोटो काढताना दातांमध्ये आधार ठेवतात आणि काही मिनिटं तसंच पडून राहावं लागतं. दुखणाऱ्या स्नायूला ते जड जातं, म्हणून तंत्रज्ञांना आधीच सांगा आणि जितकं सहन होतं तितकंच उघडा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधीकाळी गेलेला लोखंडाचा कण, यातलं काहीही असेल तर आत जाण्यापूर्वी सांगायचंच. दातांवरच्या तारांमुळे चित्र बिघडू शकतं. बंद जागेची भीती वाटत असेल तर लपवू नका, त्यावर उपाय असतात. सांधा आणि स्नायू यांसाठी शिरेतून देण्याचं औषध एरवी लागत नाही. गाठ किंवा जंतुसंसर्गाचा संशय असेल तर लागतं, आणि तेव्हा मूत्रपिंडाच्या आजाराची माहिती द्यावी लागते. गरोदरपणात कोणताही फोटो काढण्याआधी तसं सांगा. घाई नसेल तर तो पुढे ढकलता येतो.

काही ठिकाणी गालावर तारा चिकटवून स्नायूंची वीज मोजणारी, जबड्याची हालचाल संगणकावर रेखाटणारी किंवा चेहऱ्याचं तापमान रंगांत दाखवणारी यंत्रं असतात. पडद्यावर ती भारी दिसतात. अमेरिकन असोसिएशन फॉर डेंटल रिसर्चने २०१० सालीच स्पष्ट सांगितलं होतं, की प्रतिमा काढणारी साधनं वगळता टीएमडीसाठीचं कोणतंही यंत्र निरोगी माणूस आणि रुग्ण यांच्यात पुरेशा खात्रीने फरक करू शकत नाही. अशा आलेखावर बोट ठेवून कोणी सगळे दात घासून ‘बाइट सेट’ करायचा सल्ला दिला, तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. घासलेला दात परत येत नाही.

रिपोर्ट हातात आला की

सगळ्यात आधी बाजू बघा. दुखतं उजवीकडे आणि फोटोत दोष डावीकडे, असं सर्रास असतं. मग डॉक्टरांना सरळ विचारा, या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदल होणार? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो शब्द मनातून काढून टाका. ‘माइल्ड इफ्युजन’ म्हणजे सांध्यात थोडं पाणी. ‘कॉन्डायलर फ्लॅटनिंग’ म्हणजे हाडाचं टोक थोडं चपटं; वाढत्या वयात ते पुष्कळांत दिसतं.

स्नायूदुखीचे उपचार साधे असतात आणि म्हणूनच रुग्णाला पटत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम, स्नायू ताणणं, हाताने केलेले उपचार आणि दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत यांची ठाम शिफारस आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या उपायांना आणि चकती काढून टाकण्याला ठाम नकार आहे. घरी करायचं ते असं: काही दिवस मऊ भात-वरण, ऊस आणि चिक्कीला सुट्टी, गालाला ऊबदार शेक, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार, आणि दिवसभरात आठवेल तेव्हा दात एकमेकांपासून सुटे.

इथे थांबू नका

आता त्या धास्तीबद्दल. सुपारी, गुटखा, मावा, विदर्भात खर्रा, यांची सवय असेल आणि तोंड हळूहळू कमी उघडत असेल, तिखट लागताच आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि दोरीसारखी ताठ लागत असेल, तर तो बहुधा स्नायूचा त्रास नाही. तो सबम्युकस फायब्रोसिस. या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव देऊन १९५३ साली त्याचं वर्णन करणारे डॉ. जोशी मुंबईचेच होते. गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि पुढे स्नायूही त्यात आवळले जातात. काही जणांमध्ये याचं रूपांतर तोंडाच्या कर्करोगात होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि मावा पानाच्या टपरीवर मिळतोच, आणि तोंड न उघडणारी विशी-पंचविशीतली मुलंही दवाखान्यात येतच असतात. याचं निदान डोळ्यांनी, बोटांनी आणि पट्टीने होतं, गरज पडली तर तुकडा काढून. पानवाल्याच्या पुड्या चालू ठेवून एमआरआयला पैसे खर्च करण्यात काहीच शहाणपण नाही. तोंडातला दोन आठवडे न भरणारा व्रण, मानेतली गाठ, एका बाजूला वाढत जाणारी दातखीळ, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला चावता चावता जबडा थकून येतो, थांबलं की बरं वाटतं, सोबत नवीन डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते किंवा नजर अंधूक होते, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण चुकला तर दृष्टी जाते. ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि कानशिलाच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी लगेच व्हावी लागते. संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता स्टिरॉइड सुरू करतात.

जिना चढताना किंवा भरभर चालताना खालचा जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, सोबत घाम येतो, दम लागतो, तर जबड्याचा नव्हे, हृदयाचा विचार करायचा. तिथे पहिला कागद ईसीजीचा. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसली तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे आठवत, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

जायचं कुठे?

या विषयाचं स्वतंत्र शिक्षण घेतलेले दंतवैद्य असतात. त्यांच्या शाखेचं नाव ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. तिथे तपासणी आणि ओपीजी खासगी दरांच्या मानाने फार स्वस्तात होतात. रांग लागते, सकाळी लवकर जावं. एक्स-रे आणि सीटीची यंत्रं मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक परिषदेकडे नोंदलेली असावी लागतात. खासगी सेंटरमध्ये ‘यंत्राची नोंदणी आहे का’ असं विचारण्यात काही वावगं नाही.

जाताना आधीचे सगळे फोटो न्या. नुसता छापील रिपोर्ट नाही, तर सीडी किंवा मूळ फिल्म, तारखेनुसार लावून. नवा फोटो सुचवला गेला, तर चिठ्ठीवर कशाचा संशय आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रेडिओलॉजिस्टला कुठे नीट बघायचं ते कळतं, आणि तुम्हालाही पैसे कशासाठी देतोय ते.